तात्पुरता कायदा आणि कायमचे बिऱ्हाड

टीकाकाराने कोणत्या ग्रंथाचे परीक्षण करावे ह्याविषयी आपल्याकडे एक अलिखित संकेत ठरून गेला आहे. काव्य, नाटक, कादंबरी, फार झाले तर एखादे आत्मचरित्र, एवढेच टीकेचे विषय. सरकारी राजपत्रात छापल्या जाणाऱ्या मजकुराकडे साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असे कोणी सुचविले, तर लोक हसतील. तथापि गेल्या पाऊणशे वर्षांत महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाच्या संसारावर ज्या एका लिखाणाचा परिणाम कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक झाला, ते लिखाण म्हणजे १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रणाचा कायदा होय. कोणी कोणत्या गल्लीत राहावे, मुलाचे लग्न झाल्यावर त्याने पडदा लावून त्याच खोलीत संसार मांडावा की दूर उपनगर गाठावे, म्हाताऱ्या आईला कोणत्या भावाने सांभाळावे, ह्या प्रश्नांची उत्तरे पुष्कळ घरांत त्या कायद्याने दिली. ज्या लिखाणाने इतक्या माणसांचे आयुष्य घडविले, त्याचे परीक्षण साहित्याच्या मासिकात होऊ नये, हे मला पटत नाही. मी कायदेपंडित नाही; इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली. पण एखादे लिखाण कोणाशी बोलते, कोणाला विसरते, आणि त्यातील काळ कसा चालतो, हे तीन प्रश्न कोणत्याही ग्रंथास विचारता येतात. तेच मी येथे विचारणार आहे.

परीक्षकाने आपला पूर्वग्रह आधी सांगून टाकावा हे बरे. माझे वडील शाळामास्तर. नाशकात रविवार कारंजाजवळच्या एका वाड्यात त्यांनी दोन खोल्यांचे बिऱ्हाड केले होते. भाडे दरमहा १८ रुपये. माझ्या मामांचा मात्र जुन्या नाशकात स्वतःचा वाडा होता आणि त्यात पाच बिऱ्हाडकरू होते. त्यामुळे दिवाळीच्या पाडव्यास सकाळी आम्ही मुले बिऱ्हाडकरू म्हणून मालकांच्या पाया पडत असू, आणि दुपारी मामांकडे मालकाचे भाचे म्हणून मिरवीत असू. घरी वडील म्हणत, “मालकांना पै-पैचा हिशेब दिसतो, गळके छप्पर तेवढे दिसत नाही.” मामा म्हणत, “पाचही बिऱ्हाडांचे भाडे एकत्र केले तरी घरपट्टी भागत नाही. कौले कोठून बदलू?” दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हता. दोघांचेही म्हणणे खरे असावे आणि तरी दोघांचेही नुकसान व्हावे, हे कसे घडले, हे कोडे माझ्या मनात तेव्हापासून आहे.

भाडेनियंत्रण ही कल्पना युद्धाच्या पोटी जन्मली. पहिल्या महायुद्धात ग्लासगो शहरातील कामगारांच्या बायकांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले, आणि १९१५ साली ब्रिटिश पार्लमेंटास भाडी रोखून धरणारा कायदा करावा लागला. १९१८ साली तशाच स्वरूपाचा कायदा मुंबईत आला. पुढे १९३९ व १९४४ साली दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने तो नव्या रूपात अवतरला, आणि अखेर १९४७ चा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. त्या वेळची परिस्थिती ध्यानात आणली म्हणजे तो करणाऱ्यांना दोष देववत नाही. युद्धकाळात बांधकामाचे सामान मिळेनासे झाले होते. खेड्यांतून शहरांकडे माणसांची रीघ लागली होती. त्यातच फाळणी झाली. आमच्या नाशिकजवळ देवळालीस कित्येक सिंधी कुटुंबे येऊन स्थिरावली ती त्याच काळात. अशा वेळी घरमालकास मन मानेल ते भाडे मागू देणे म्हणजे दुष्काळात धान्याच्या कोठारास कुलूप लावू देण्यासारखे झाले असते. कायदा मुदतीचा होता, आणि ती मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागेल असे त्या वेळी फारसे कोणाच्या मनात आले नसावे.

आता हे लिखाण वाचू लागलो म्हणजे प्रथम त्याचे गुणच नजरेत भरतात. मालकास स्वतःच्या उपयोगासाठी जागा हवी असेल, तर ती गरज खरी व वाजवी आहे हे त्याने सिद्ध केले पाहिजे, एवढ्यावर कायदा थांबत नाही. जागा सोडावी लागल्यास बिऱ्हाडकरूचे हाल अधिक होतील, की न मिळाल्यास मालकाचे, हे न्यायाधीशाने तोलून पाहावे असे तो सांगतो. आणि जागेचा काही भाग देऊन दोघांचीही सोय होत असेल तर तसे करावे असेही सुचवितो. दोन माणसांच्या दुःखांचे मोजमाप करण्याचे हे काम एरवी कादंबरीकाराचे. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयास आसरा राहील, अशीही तजवीज त्यात आहे. मालकाने चिडून पाणी तोडू नये, दिवा तोडू नये, ह्याचाही बंदोबस्त आहे. वाड्याच्या चौकातील एकाच नळावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना ह्या कलमाचे मोल निराळे सांगावयास नको. ज्याने हे लिहिले त्यास माणसांची ओळख होती.

परंतु दुसऱ्या प्रश्नास, म्हणजे ह्या लिखाणातील काळ कसा चालतो ह्या प्रश्नास, आपण आलो की निराशा होते. ह्या ग्रंथात काळ चालतच नाही. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते ‘प्रमाण भाडे’, असे एकदा ठरले आणि घड्याळ थांबले. पगार वाढले, सोने वाढले, कौले, चुना, सागवान आणि गवंड्याची मजुरी वाढली. नगरपालिकेची पट्टी वाढली. पण जुन्या बिऱ्हाडाची पावती तीच राहिली. एखाद्या नाटककाराने पहिल्या अंकातील एका दिवसावर पात्रांना उभे करावे आणि उरलेले चार अंक त्यांना तेथून हलूच देऊ नये, असा हा प्रकार झाला. तात्पुरत्या उपायाचे आयुष्य वाढवीत गेले असता त्याचा स्वभाव बदलतो, ही गोष्ट मुदत वाढविताना कोणी पुरेशी ध्यानात घेतली नाही.

लिखाणातील काळ थांबला म्हणून बाजारातील काळ थांबत नाही. तो दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे पागडी. कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरविला होता. व्यवहारात मात्र जागेची खरी किंमत तीच झाली. भाडे पावतीवर लिहावयाचे आणि पागडी रुमालात बांधून द्यावयाची, असा शिष्टाचार प्रतिष्ठित माणसांतही रूढ झाला. ज्या शब्दाचा मूळ अर्थ डोक्यावरचा मान, त्या शब्दाने चोरून दिलेली रक्कम ओळखली जाऊ लागली, ही भाषेची थट्टा विचार करण्याजोगी आहे. कायद्याची भाषा आणि रस्त्यावरची भाषा इतक्या दूर गेल्या की पुढे १९९९ च्या कायद्याने पागडीस मान्यता देऊन ती तूट भरून काढली. पण त्या पन्नास वर्षांत सज्जन माणसांस खोटे लिहिण्याची जी सवय लागली, तिचा हिशेब कोणत्या कलमात करावयाचा?

सर्वांत मोठा दोष दुरुस्तीच्या बाबतीत दिसतो. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे कायदा सांगतो. मालकाने ते केले नाही, तर नोटीस देऊन बिऱ्हाडकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक असू नये, अशी मर्यादा सध्याच्या कायद्यातही आहे. माझ्या वडिलांचे भाडे धरले तर वर्षाचे २१६ रुपये होतात; त्याचा चौथा हिस्सा ५४ रुपये. सागवानी तुळईला वाळवी लागली असता ५४ रुपयांत काय होईल, हे वाचकांनीच ठरवावे. मोठ्या दुरुस्तीबद्दल भाड्यात थोडी वाढ मागण्याची सोय मालकास आहे खरी. पण मुळातले भाडेच इतके लहान की त्यावरच्या वाढीतून दुरुस्तीचे व्याजदेखील सुटत नाही.

मुंबई बेटावरील जुन्या इमारतींसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा होऊन दुरुस्ती मंडळ स्थापन झाले; इमारतींकडून उपकर घ्यावयाचा आणि त्यातून दुरुस्ती करावयाची, अशी ती योजना. तिच्यातही उणिवा निघाल्या. तरी दुरुस्ती हे कोणाचे तरी काम आहे एवढे तेथे मान्य झाले. नाशिकच्या वाड्यांना तसा वाली मिळाला नाही. लाकूड, वीट आणि मातीची ही घरे. गोदेच्या काठी तर पुराचे पाणी १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ साली सराफ बाजारापर्यंत चढून गेले. भिंतीत मुरलेली ओल पुढल्या उन्हाळ्यात दिसत नाही, पण ती जात नाही. पावसाळा जवळ आला की महापालिकेचा माणूस येतो आणि धोकादायक घर खाली करावे अशी नोटीस दारावर चिकटवून जातो. मालक ती वाचतो, बिऱ्हाडकरू वाचतो, आणि दोघेही आपापल्या जागी बसून राहतात. मालकास वाटते, वाडा पडला तर जागा मोकळी होईल. बिऱ्हाडकरूस वाटते, आपण बाहेर पडलो तर परतीची वाट बंद होईल. महापालिकेने इमारत पाडल्यामुळे भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात दिला आहे. पण कागदावरचा हक्क आणि कनवटीची किल्ली ह्यांतील अंतर सामान्य माणसास चांगले ठाऊक असते. तो किल्ली सोडीत नाही.

आता तिसरा प्रश्न : हे लिखाण कोणाला विसरते? त्यात पात्रे दोनच आहेत, मालक आणि भाडेकरू. ज्यास अद्याप घर मिळावयाचे आहे, तो तिसरा मनुष्य त्यात कोठेच नाही. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जे परवानगीदार म्हणून जागेत राहत होते, त्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांना तो मिळाला त्यांचे कल्याण झाले ह्यात शंका नाही. पण त्या दिवसापासून मालकवर्गाने एक धडा घेतला : जागा दिली की ती गेली. मग रिकाम्या घरास कुलूप लावून ठेवणे शहाणपणाचे ठरले. भारतातील शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ साली शेकडा ५४ होते, ते २०११ साली शेकडा २८ वर आले, असे केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत नमूद आहे. त्याच २०११ च्या जनगणनेत शहरांतील सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली. ह्या सर्वांचे कारण एकटा भाडेकायदा आहे असे मी म्हणत नाही. घरासाठी कर्ज मिळणे सोपे झाले, मालकीच्या घराची प्रतिष्ठा वाढली, ही कारणेही आहेत. परंतु बंद कुलूप आणि घर शोधणारा मनुष्य एकाच गल्लीत समोरासमोर उभे राहावेत, ह्यात कायद्याचा वाटा नाही असेही म्हणता येणार नाही.

अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, १९४० च्या पातळीवर भाडी गोठवून ठेवणारी ही तरतूद कालांतराने अवाजवी झाली आहे, असे मत स्पष्टपणे नोंदविले. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार होती म्हणून ती रद्द मात्र केली नाही. त्यानंतर महाराष्ट्राचा १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने काही गोष्टी निश्चित सुधारल्या. बँका, सरकारी उपक्रम, आणि एक कोटीहून अधिक भागभांडवल असलेल्या कंपन्या ह्यांना भाडेनियंत्रणाच्या छत्रातून त्याने बाहेर काढले. गरीब विधवेच्या वाड्यात एखाद्या धनाढ्य कंपनीने १९४० च्या भाड्यात कचेरी थाटावी, ह्यातील अन्याय उशिरा का होईना दिसला. घड्याळही पुन्हा सुरू केले. परंतु ते कोठून? १ ऑक्टोबर १९८७ रोजी जे भाडे होते त्यात शेकडा ५ ची भर, आणि पुढे दर वर्षी शेकडा ४ ची वाढ. ज्या जागेचे भाडे १९८७ साली २० रुपये होते, तिचे भाडे २१ रुपयांपासून सुरू होऊन, पंचवीस वर्षे चक्रवाढीने धरले तरी ६० रुपयांच्या आतच राहते. नाशकात आज तेवढ्यात मिसळीची एक थाळी येणेही कठीण.

ह्याच कायद्याचे दुसरे मूल मात्र अगदी निराळ्या घरी वाढले. अकरा महिन्यांच्या करारावर जागा घेणारास, ज्यास आपण ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणतो, भाडेकरूचा दर्जा नाही. त्याने द्यावयाची रक्कम बाजार ठरवितो; मुदत संपून तो हलला नाही तर त्याच्याकडून दुप्पट रक्कम वसूल करता येते. माझे विद्यार्थी मालेगाव, कळवण, सुरगाण्याहून येतात आणि कॉलेज रोडच्या आसपास दोन खोल्यांत पाचजण राहतात. आमच्याच व्यवसायातील तरुण अध्यापक, ज्याची नेमणूक तासिका तत्त्वावर आहे, अकराव्या महिन्यात पुस्तकांची खोकी पुन्हा बांधतो; अनामत रकमेसाठी सासऱ्याकडे शब्द टाकतो; दलालास एका महिन्याचे भाडे देतो; आणि मुलीच्या शाळेसाठी पुन्हा नवा पत्ता लिहून देतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत येणाऱ्या कामगाराची गोष्ट ह्याहून बिकट. म्हणजे एकाच शहरात, एकाच कायद्याखाली, एकास साठ रुपयांत आजन्म अभय आहे, आणि दुसऱ्यास हजारो रुपये मोजूनही वर्षभराचा भरवसा नाही. ह्या दोघांत अधिक गरजू कोण, हा प्रश्न कायदा विचारीत नाही. आधी कोण आला एवढेच तो पाहतो.

येथे वाचक म्हणतील की कायद्याची दृष्टी अपुरी असेल, पण साहित्याने तरी ही उणीव भरून काढली असेल. दुर्दैवाने तसे दिसत नाही. पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) ह्या पुस्तकाने बिऱ्हाडकरूंच्या सहजीवनास मराठीत कायमचे स्थान दिले. त्यातील विनोद निर्विष आहे आणि त्यातली हळहळ खरी आहे. पण त्या चाळीकडे आपण पाहतो ते बिऱ्हाडकरूच्या खिडकीतून. इमारत जीर्ण का होत जाते, भाडे किती आणि दुरुस्ती कोणाची, ह्या प्रश्नांचे हसू होते. त्यांची चौकशी होत नाही. महेश एलकुंचवार ह्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) ह्या नाटकात खचत जाणारे घर आहे, पण ते मालकांचे आहे. तेथे ऱ्हास होतो तो जमीनदारी आणि कुळाचार ह्यांचा. शहरातील वाडा, ज्यात मालक माडीवर आणि बिऱ्हाडकरू तळमजल्यावर राहून एकमेकांच्या मरणाची वाट न पाहता केवळ भिंतीच्या मरणाची वाट पाहतात, तो त्या नाटकाच्या कक्षेत येत नाही. येण्याचे कारणही नव्हते. तिसऱ्या मनुष्याची, म्हणजे घर शोधणाऱ्याची, कथा आपण चित्रपटात पाहिली : ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). मालकीण जोडप्यांखेरीज कोणास जागा देत नाही, म्हणून दोन तरुण बायकांचा वेष घेतात, आणि अवघा महाराष्ट्र गेली कित्येक वर्षे त्यावर हसतो आहे. मीही हसतो. पण छप्पर मिळण्यासाठी माणसास आपली ओळख बदलावी लागते, ही गोष्ट प्रहसनात शोभते तेवढी जीवनात शोभत नाही. आडनाव, जात, धर्म, खाणेपिणे, लग्न झाले की नाही, ह्यांची चौकशी करून ज्यांना दारातूनच परत पाठविले जाते, त्यांना ह्या विनोदाची दुसरी बाजू ठाऊक आहे.

थोडक्यात, आपल्या साहित्याने चाळीस माया दिली, वाड्यास विलाप दिला आणि घर शोधण्याच्या धडपडीस हसू दिले. परंतु ज्या ठिकाणी दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे आहे, त्या ठिकाणी उभे राहून लिहिलेली कृती निदान माझ्या वाचनात नाही. आपल्या गोष्टींतील घरमालक एक तर कंजूष म्हातारा असतो किंवा खाष्ट बाई. तीन बिऱ्हाडांच्या पंचेचाळीस रुपयांवर दिवस काढणारी, आणि आपल्याच घराच्या गळक्या खोलीत राहणारी मालकीणही असू शकते, हे आपण लिहिले नाही. उलट, मालकाने नाकारलेले भाडे दर महिन्यास मनीऑर्डरने पाठवून, परत आलेल्या मनीऑर्डरींची चळत ट्रंकेत जपून ठेवणारा, ओट्यास स्वतःच्या पैशाने फरशी घालणारा, आणि तरीही ‘फुकट राहतो’ असे ऐकून घेणारा बिऱ्हाडकरूही आपण लिहिला नाही. ज्या कायद्याने दोन दुःखे तोलण्यास सांगितले, त्याच्याइतकीही समदृष्टी आपल्या वाङ्मयाने दाखविली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

मग उपाय काय? भाडेनियंत्रण समूळ काढून टाका, बाजार सर्व ठीक करील, असे सांगणारा एक पक्ष आहे. त्याला माझे उत्तर असे की बाजाराच्या हाती असलेले अकरा महिन्यांचे बिऱ्हाड आपण आत्ताच पाहिले. तेथे घर मिळते, पण घरपण मिळत नाही. भाडी गोठवा म्हणणाराही एक पक्ष आहे. बर्लिन शहराने फेब्रुवारी २०२० मध्ये तसे करून पाहिले. असा कायदा करण्याचा अधिकार प्रांतास नाही म्हणून तेथील घटना-न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तो रद्द केला. पण त्या थोड्या अवधीत जुन्या भाडेकरूंची भाडी उतरली आणि भाड्याने द्यावयाच्या घरांच्या जाहिरातीही रोडावल्या, हा अनुभव आपल्या अनुभवाहून वेगळा नाही. २०२१ साली केंद्र सरकारने आदर्श भाडेकायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्यात भाडे परस्परसंमतीने ठरावे, राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये, तंटे स्वतंत्र भाडे-न्यायालयाने त्वरेने मिटवावेत, अशा तरतुदी आहेत. अनामतीची मर्यादा स्तुत्य आहे. परंतु मुदत संपल्यावर त्या बिऱ्हाडाचे काय, ह्या प्रश्नापाशी तोही मौन धरतो.

माझ्या मते १९४७ च्या ग्रंथकारांनी दोन गोष्टींची एकच मोट बांधली, त्या सोडविल्या पाहिजेत. माणसास अकारण घराबाहेर काढू नये, ही एक गोष्ट. आणि त्याने कमी भाडे द्यावे, ही दुसरी. पहिलीचे संरक्षण कायद्याने अवश्य करावे, आणि ते आजच्या अकरा महिन्यांच्या बिऱ्हाडकरूसही द्यावे. दुसरीचा भार एकट्या मालकावर टाकणे न्याय्य नाही. गरिबास स्वस्त घर देणे हा समाजाचा धर्म आहे. तो धर्म ज्याच्या वाड्यात तो गरीब योगायोगाने राहतो त्याच्याच खर्चाने आचरावयाचा, हा कोठला न्याय? ज्या बिऱ्हाडकरूस खरोखरच भाडे झेपत नाही, त्यास सार्वजनिक तिजोरीतून साहाय्य मिळावे. ज्यास झेपते, त्याने काळाप्रमाणे द्यावे. आणि वाढलेल्या भाड्याचा ठराविक भाग घराच्या दुरुस्तीसच लागला पाहिजे असे बंधन मालकावर असावे. ह्यात नवे काही नाही. पण हे तिन्ही एकदम केल्याशिवाय त्यांपैकी एकही टिकणार नाही, एवढे मला दिसते.

हा लेख लिहिण्यास जे निमित्त झाले ते सांगून थांबतो. मामा आता नाहीत; वाडा मामेभावाकडे आहे. पाचांपैकी चार बिऱ्हाडे केव्हाच गेली. तळमजल्यावर एकट्या काकू उरल्या आहेत. गतवर्षी मृग लागण्यापूर्वी नोटीस चिकटली. मामेभाऊ त्यांच्याकडे गेला, सोबत मी होतो. तो म्हणाला, “काकू, पावसाळ्यापुरत्या तरी लेकीकडे जा. ह्या भिंतीचा भरवसा नाही.” काकू निवडत्या तांदळाकडे पाहत म्हणाल्या, “जाईन रे बाळा. पण परत यायला दार असेल का, तेवढं लिहून दे.” मामेभाऊ गप्प बसला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “लिहून द्यायला माझी ना नाही. पण उद्या कोणी बांधणारा आला आणि तो म्हणाला की असली जोखीम असेल तर मी हात घालत नाही, तर मी काय करू? तूच लिही काय लिहायचं ते. तू प्रोफेसर.”

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. भाषा शिकविण्यात आयुष्य गेलेल्या मला ते एक वाक्य लिहिता येईना. कायद्याच्या भाषेत लिहावे, तर काकू घाबरतील. प्रेमाच्या भाषेत लिहावे, तर उद्या ते न्यायालयात टिकणार नाही. शेवटी एका वकील मित्राच्या साहाय्याने आम्ही तिघांनी मिळून कागद केला. वाडा दुरुस्त झाला अथवा नवा बांधला, तर तळमजल्यावर तेवढ्याच जागेचा हक्क काकूंचा, आणि त्यांच्यामागे त्यांच्या लेकीचा. भाडे आजच्याहून पुष्कळ अधिक, पण काकूंच्या निवृत्तिवेतनास झेपेल इतके, आणि दर वर्षी थोडे वाढणारे. त्यातला तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूस. कागदाची नोंदणी झाली. काकू लेकीकडे गेल्या; जाताना किल्ली मात्र बरोबर नेली, आणि मामेभावाने ती मागितली नाही.

वाड्याच्या भिंतीस टेकू लावले आहेत. बांधणारा अद्याप मिळालेला नाही. माझ्याजवळ वडिलांच्या अठरा रुपयांच्या पावत्यांचा एक गठ्ठा आहे, आणि आता मामांच्या पावतीपुस्तकांची स्थळप्रतही मामेभावाने आणून दिली आहे. दोन्ही गठ्ठे मी एकाच कपाटात ठेवले आहेत. ज्याला आमच्या शहराच्या गेल्या पाऊणशे वर्षांची गोष्ट लिहावयाची असेल, त्याने एक वाचून दुसरा बाजूला ठेवू नये, एवढीच विनंती.